तुटलेला दात वाचवायचा कसा? तुकडा नव्हे, तडा बघा

संक्रांतीचा आठवडा आणि दिवाळीनंतरचे दिवस हे दाढा तुटण्याचे हंगाम. एकीकडे गुळाची चिक्की, दुसरीकडे पाक चुकलेला रव्याचा लाडू. उरलेल्या वर्षात भाकरीतला खडा, मटणाची नळी, अडकित्ता हाताशी नव्हता म्हणून दातांनीच फोडलेली सुपारी, आणि पावसाळ्यात घसरलेल्या दुचाक्या. माणूस रुमालात तुकडा गुंडाळून आणतो, खुर्चीत बसतो आणि मी तोंडात बघायच्या आत निकाल देऊन मोकळा होतो, "डॉक्टर, काढूनच टाका एकदाचा."

थांबा जरा. दात वाचतो की जातो हे तुकडा केवढा पडला यावर फारसं ठरत नाही. तडा कुठवर गेलाय, यावर ठरतं. अर्धा तुटलेला पटाशीचा दात वर्षानुवर्षं काम देतो, आणि बाहेरून अखंड दिसणारी दाढ केसाएवढ्या भेगेपायी काढावी लागते.

एवढं कळायला दाताची रचना थोडक्यात माहीत हवी. वरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल; त्यात संवेदना नसते. त्याच्या आत पिवळसर डेंटिन. त्यातून अतिसूक्ष्म नळ्या आत नसेपर्यंत जातात, म्हणून ते उघडं पडलं की गार पाण्याने कळ येते. गाभ्यात नस, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा जिवंत गर. मुळाभोवती हाड, आणि मूळ व हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर, जो दाताला झुल्यासारखा धरून ठेवतो. तडा यांतल्या कोणत्या थरापाशी थांबला, हाच खरा प्रश्न.

पहिला तास

पडून किंवा मार लागून दात तुटला असेल तर आधी माणूस शुद्धीवर आहे ना, उलट्या होताहेत का, जबडा नीट मिटतोय का हे बघा. यात काही बिनसलं असेल तर आधी हॉस्पिटल, दात नंतर.

मग तुकडा शोधा. अंगणात, शर्टाच्या घडीत, आणि हो, फाटलेल्या ओठातही. ओठ सुजलाय आणि तुकडा कुठेच सापडत नाही, अशा वेळी तो ओठात रुतलेला असू शकतो. टाके घालण्याआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. एक्स-रेत तो दिसतो. तुकडा गिळला गेला तर बहुधा काही बिघडत नाही. पण मूल सारखं खोकतंय, श्वासाला घरघर लागलीय, तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता आहे. मग वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सापडलेला तुकडा रुमालात गुंडाळू नका, तो सुकतो. छोट्या डबीत पाण्यात किंवा दुधात ठेवा. आधीच सुकला असेल तरी फेकू नका. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमाटॉलॉजी या संस्थेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा तुकडा २० मिनिटं पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवून मग चिकटवतात. घरी झटपट गोंद लावून मात्र बसवू नका. असे दात मी पाहिलेत. तो गोंद खरवडण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात खरं काम झालं असतं.

अख्खा दात मुळासकट बाहेर आला असेल तर नियम बदलतो. इथे पाणी चालत नाही, कारण मुळावरच्या जिवंत पेशी साध्या पाण्यात फुगून मरतात. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच बुडवून काढा आणि शक्य असेल तर तिथल्या तिथे खाचेत परत बसवा, वर स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर दुधात ठेवा आणि निघा. पहिला अर्धा तास सोन्याचा. कोरडा राहून तास उलटला की मुळावरच्या पेशी बहुतेक मेलेल्या असतात. हे फक्त पक्क्या दातांसाठी. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही, खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होते.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. दुखत असेल तर प्रौढांनी पॅरासिटामॉल घ्यावी, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल, किंवा पावसाळ्यात ताप असून डेंग्यूची शंका असेल, तर आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली तर हिरडी भाजून पांढरी पडते. तंबाखूची गोळी, मिश्री, लवंगेच्या तेलात बुडवलेला कापूस हे उघड्या नसेवर अजिबात नको. टोकदार कड जिभेला लागत असेल तर मेणाचा छोटा गोळा चेपून बसवा.

आरशासमोर

टॉर्च घ्या आणि आरशासमोर उभे राहा. फक्त कड खरखरीत लागतेय, दुखत काहीच नाही, तर तुटलंय ते बहुतेक एनॅमल. आठवडाभरात दाखवलं तरी चालेल. गार पाण्याने कळ येते पण लगेच थांबते, तर डेंटिन उघडं आहे; एक-दोन दिवसांत जा. तुटलेल्या भागाच्या मध्यावर लाल ठिपका दिसतोय, रक्त पाझरतंय, तर नस उघडी पडलीय. दात हलतोय किंवा मूळ जागेवरून सरकलाय, तर तेही तसंच तातडीचं. दोन्हीसाठी त्याच दिवशी जायचं.

गार पाणी गिळून मिनिट झालं तरी ठणका राहतो, किंवा रात्री झोपेतून उठवतो, याचा अर्थ नस सुजलीय. आणि एक खूण लोक सांगायला विसरतात: घास चावताना नाही, चावून दाढ सोडताना विजेसारखी कळ जाते. ही भेगेची खूण. तिच्याबद्दल पुढे बोलू.

तुकडा लोंबकळतोय पण पडत नाही, तर ओढू नका. तो हिरडीखाली कुठवर गेलाय ते डॉक्टरांना तसाच बघू द्या.

खुर्चीत काय होतं

डॉक्टर दातावर गारवा लावून नस उत्तर देते का ते बघतील. मार लागल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नस गप्प राहिली म्हणजे ती मेलीच असं नाही. जागं व्हायला कधीकधी तीन महिनेही लागतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी फक्त या चाचणीवरून "नस मेली, रूट कॅनाल करू" असं कोणी म्हणालं तर दुसरी काय लक्षणं आहेत, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

बारीक मोजपट्टीने हिरडी आणि दात यांमधली खोली मोजतात. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच ठिकाणी अचानक आठ, असं आलं तर तिथे भेग मुळात उतरली असल्याचा दाट संशय घ्यायचा. एक्स-रे दोन-तीन कोनांतून काढतात. रुग्णांची सर्वांत मोठी गैरसमजूत इथेच असते: "एक्स-रेत काही नाही, म्हणजे तडा नाही." बहुतेक तडे एक्स-रेत दिसतच नाहीत. त्यासाठी बाजूने प्रखर प्रकाश टाकतात. प्रकाश भेगेपाशी अडतो. निळा रंग लावतात, तो भेगेत उतरतो. दाढेच्या एकेका टोकावर प्लास्टिकची छोटी पट्टी ठेवून चावायला लावतात. सूक्ष्मदर्शक असेल तर फारच उत्तम. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, मुळाजवळचं हाड छान दाखवतो, पण धातूची कॅप शेजारी असली की चित्र फिस्कटतं.

वरचा भागच तुटला असेल तर

एनॅमलचा टवका असेल तर कड घासून गुळगुळीत करायची किंवा दाताच्या रंगाचं काँपोझिट भरायचं. एका बैठकीत काम संपतं.

डेंटिनपर्यंत तुटला असेल आणि तुकडा हाती असेल, तर मी तुकडाच चिकटवणं पसंत करतो. दातावर फॉस्फोरिक आम्ल लावून पृष्ठभाग खरबरीत करतात, वर चिकटद्रव्य, मग पातळ काँपोझिट, आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट होतं. स्वतःच्या एनॅमलचा रंग आणि झळाळी कुठल्याही ट्यूबमध्ये मिळत नाही. तुकडा नसेल तर काँपोझिटने दात पुन्हा घडवतात. चांगल्या हाताचं काम असेल तर बोलताना कोणाच्या लक्षातही येत नाही. व्हिनिअर (दातावर समोरून चिकटवायचा पातळ पापुद्रा) किंवा कॅपची घाई करू नका, विशेषतः विशीच्या आत. त्यासाठी उरलेला चांगला दात घासावा लागतो आणि घासलेलं परत येत नाही.

दाढेचं एखादं टोक तुटलं असेल, जुन्या चांदीच्या मोठ्या भरणाशेजारी हे नेहमी होतं, तर ऑनले (दाढेची फक्त वरची टोकं झाकणारं आवरण) किंवा पूर्ण कॅप लागते. नस ठीक असेल तर रूट कॅनालची गरज नसते. "कॅप म्हणजे आधी रूट कॅनाल" हा समज खोटा आहे.

नस उघडी पडली तर

इथे वय महत्त्वाचं. पक्का दात उगवल्यावर त्याचं मूळ पूर्ण व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दाताचं मूळ टोकाला अजून उघडं असतं, भिंती पातळ असतात. नस काढून टाकली तर मुळाची वाढ तिथेच थांबते आणि असा दात पुढे मुळापाशी मोडण्याची भीती राहते. म्हणून मुलांमध्ये नस जिवंत ठेवण्यासाठी जिवाचा आटापिटा करायचा. पद्धत सोपी आहे: उघडा पडलेला वरचा दोनेक मिलिमीटर गर कापायचा, ओल्या कापसाने रक्त थांबू द्यायचं, वर एमटीए किंवा बायोडेंटिनसारखं जैव-सिमेंट बसवून दात बंद करायचा. स्वीडनमध्ये काम केलेल्या मिओमीर स्वेक यांनी १९७८ साली ही पद्धत मांडली, म्हणून तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. एमटीएने पुढचा दात करडा पडू शकतो. तिथे रंग न बदलणारं सिमेंट मागा.

मोठ्या माणसांतही ताजी दुखापत, निरोगी नस आणि थांबणारं रक्त असेल तर हाच मार्ग आधी विचारात घेतात. नस मेली असेल, संसर्ग असेल किंवा कॅपला आधार म्हणून मुळात खांब बसवावा लागणार असेल, तर रूट कॅनाल.

रूट कॅनालचा बाऊ खूप होतो. प्रत्यक्षात भूल देऊन, दातावर रबराचा पडदा लावून, आतला गर काढतात. मुळाच्या नळ्या बारीक फायलींनी साफ करतात, हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुतात आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरतात. रबराचा तो पडदा लावताहेत का, हे बघा. तो असला की लाळ आत जात नाही आणि फाइल घशात पडत नाही. काम कोण किती काळजीने करतंय, याची ती ढोबळ खूण आहे.

आणि दाढेचं रूट कॅनाल झालं की कॅप लांबवू नका. दुखणं थांबलं म्हणून माणूस सहा महिने येत नाही आणि मग भेंडीच्या भाजीतल्या शेंगदाण्यावर दाढ उभी चिरते. त्या वेळी मात्र मी काही करू शकत नाही.

भेग गेलेली दाढ

हे सर्वांत चकवणारं प्रकरण. तुकडा पडलेला नाही, कीड नाही, एक्स-रे स्वच्छ, आणि माणूस म्हणतो, "कधीतरी कळ जाते, कुठून तेही सांगता येत नाही." अमेरिकन दंतवैद्य कॅमेरॉन यांनी १९६४ साली या लक्षणांना 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' असं नाव दिलं. चावताना भेगेच्या दोन बाजू फाकतात, सोडताना एकदम मिटतात, आतला द्रव हलतो आणि कळ जाते. झोपेत दात खाणारे, बर्फ चघळणारे, सुपारीवाले यांच्यात हे जास्त दिसतं.

भेग सांधणारं औषध नाही. करायचं असतं ते तिला फाकू न देण्याचं काम. म्हणून आधी दाढेभोवती धातूचा पट्टा किंवा तात्पुरती कॅप बसवतात आणि काही आठवडे वाट बघतात. कळ थांबली, गारव्याला उत्तर नीट येतंय, तर रूट कॅनाल न करता पक्की कॅप. ठणका सुरूच राहिला तर रूट कॅनाल, मग कॅप. दाढ उघडल्यावर भेग आतल्या तळापर्यंत गेलेली दिसली तर भविष्य धूसर असतं, आणि हे तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे, कॅपचे पैसे भरल्यावर नाही. आधीच बजावून ठेवतो: सगळं नीट करूनही काही दाढा दोन-चार वर्षांनी जातात. तरी प्रयत्न करावा असं माझं मत आहे, भेग हिरडीखाली खोल गेलेली नसेल तोवर.

दातांच्या चमकदार पृष्ठभागावरच्या बारीक उभ्या रेषांपायी मात्र दात काढायला लावू नका, हे मी आग्रहाने सांगतो. वयानुसार त्या जवळपास सगळ्यांच्या दातांवर येतात. दुखत नसेल तर त्यांना हात लावायचा नसतो.

हिरडीच्या खाली तुटला तर

अनेक दात इथे विनाकारण जातात. कॅपला पकड मिळायला हिरडीच्या वर सभोवार दीड ते दोन मिलिमीटर भक्कम दात लागतो. पिंपाला कडं बसवतात तशी ही पकड. ती नसेल तर नुसता खांब रोवून कॅप बसवणं म्हणजे वाळूत बांबू रोवणं. कॅप निखळते किंवा मूळ चिरतं. खांबाने दात बळकट होत नाही, तो फक्त वरच्या भरणाला धरतो. लागलाच तर फायबरचा बरा. जाड धातूच्या खांबाने मूळ फाटण्याची भीती जास्त.

पकड मिळवायचे रस्ते आहेत. हिरडी आणि थोडं हाड कमी करून दाताचा जास्त भाग उघडा करतात. दाढांसाठी हे सोयीचं, पण पुढच्या दातांत हसताना दात लांब दिसतो. तिथे तारेने मूळ हळूहळू बाहेर ओढून घेतात. काही आठवडे जातात, धीर लागतो, पण हिरडीची रेघ सांभाळली जाते. काही तज्ज्ञ मूळ एकाच बैठकीत अलगद सैल करून थोडं बाहेर आणून बांधतात. बाहेर काढायला मूळ पुरेसं लांब मात्र हवं.

मूळच तुटलं तर

आडवं तुटलं आणि उभं चिरलं यात जमीन-अस्मानाचा फरक. मार लागून पुढच्या दाताचं मूळ हाडाच्या आत आडवं तुटतं, तेव्हा वरचा भाग जागेवर आणून शेजारच्या दातांना लवचीक तारेने चार आठवडे बांधतात. दाताच्या मानेजवळ, म्हणजे हिरडीलगत तुटलं असेल तर चार महिन्यांपर्यंत. तुटलेल्या हाडासारखे हे दात अनेकदा जुळतात, नसही जगते. म्हणून लगेच रूट कॅनाल करायचं नसतं. पुढे नस मेलीच तर बहुधा तुटल्या जागेपर्यंतच्याच भागाचं करतात.

उभं चिरलेलं मूळ वाचत नाही. रूट कॅनाल झालेल्या दातात हे जास्त. हिरडीवर कडेजवळ सारखी पुळी येते, एकाच जागी खोल खाच मिळते, एक्स-रेत मुळाभोवती काळी सावली. एक मुळाचा दात असेल तर काढणं हाच उपाय. खालच्या दाढेला दोन मुळं असतात. एकच चिरलं असेल तर तेवढं कापून काढून उरलेल्या अर्ध्यावर कॅप बसवता येते. कोणी तुम्हाला अशा दातात तिसऱ्यांदा रूट कॅनाल सुचवत असेल तर दुसरा सल्ला घ्या.

एक अपवाद मुलांचा. वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पाच-सात वर्षंच टिकणार असेल तरी तो ठेवण्यात शहाणपण आहे, तेवढ्या काळात जबड्याचं हाड शाबूत राहतं.

पैसे आणि प्रश्न

रूट कॅनालचा दर विचारून लोक समाधान मानतात, आणि मग भरण, खांब, कॅप, हिरडीचं काम असं एकेक वाढत जातं. एकूण खर्च एकदमच विचारा. शिवाय तीन गोष्टी विचारा: भेग कुठवर गेलीय, हिरडीच्या वर पुरेसा दात उरलाय का, आणि हा दात तुमच्या घरच्याचा असता तर तुम्ही काय केलं असतं. तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टर क्षणभर थांबतात. ते थांबणंही ऐका.

खासगीत झेपत नसेल तर सरकारी दंत महाविद्यालयांत ही कामं बऱ्याच कमी खर्चात होतात. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि गोव्यात बांबोळी. रूट कॅनालसाठी कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एंडोडॉन्टिक्स विभागाचा केसपेपर काढा. खेपा जास्त होतात, सकाळी लवकर जावं लागतं, पण अवघड दातांसाठी तिथे अनुभवी हात असतात.

घरी आल्यावर

पंधरा दिवस त्या बाजूने कडक खाऊ नका, पुढच्या दाताने पेरू, मक्याचं कणीस, ऊस तोडू नका. मऊ ब्रशने घासणं चालू ठेवा; दुखतं म्हणून तो भाग तसाच सोडला तर हिरडी सुजते. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं आवरण, करून घ्या, नाहीतर नवी कॅपही जाईल. मार लागलेला दात सहा ते आठ आठवड्यांनी आणि वर्षाने पुन्हा तपासून घ्यायचा, दुखत नसला तरी. दात करडा पडू लागला, हिरडीवर पुळी आली, तर त्याआधीच जा.

चिकटवलेला तुकडा पुन्हा निखळू शकतो. मुलांच्या बाबतीत क्रिकेट आहे म्हणजे हे गृहीतच धरा. निखळला तर घाबरू नका: तुकडा शोधा, डबीत पाण्यात ठेवा आणि त्याच दिवशी या. बहुतेक वेळा तो पुन्हा बसतो.